हाडांपासून सुरुवात

काट्यावर मासिकांचा गठ्ठा ठेवायला जागा हवी म्हणून रद्दीवाल्याने तिथलं एक जाड पुस्तक उचलून बाजूला टाकलं, आणि ते पुस्तक उताणं पडून मधोमध उघडलं. पानभर चित्र होतं. घेवड्याच्या दाण्यांसारखे दोन आकार, त्यांतून निघणाऱ्या लाल-निळ्या नळ्या, खाली एक पिशवी. चंद्रहास पाटणकरने ते चित्र ओळखलं. मागच्या वर्षी हॉस्पिटलात डॉक्टरांनी एका कागदाच्या पाठीवर बॉलपेनने हेच काढून दाखवलं होतं. डॉक्टर शांतपणे, नीट समजावत होते आणि चंद्रहास मान हलवत होता. समोरच्या माणसाचा वेळ वाया जात नाहीये असं त्याला वाटावं म्हणून आपण हलवतो, तशी. त्या सगळ्या बोलण्यातलं त्याच्याजवळ एवढंच उरलं होतं, की दुसऱ्या किडनीशी आल्यावर पेनची शाई अडली आणि डॉक्टरांनी कागदाच्या कोपऱ्यात चार रेघोट्या मारून ती पुन्हा वाहती केली. दुसरी किडनी त्यामुळे पहिलीपेक्षा ठळक आली होती. शेजारी त्याची बायको आशालता बसली होती आणि ती कागदाकडे नव्हे तर डॉक्टरांच्या टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या कुठल्याशा देवीच्या फोटोकडे बघत होती.

आता काट्यावर होती ती तिचीच मासिकं. मुलाने, कौस्तुभने, पुण्याहून फोन करून सांगितलं होतं, की बाळंतपणानंतर बायको अनुष्का आणि बाळ थोडे दिवस वसईला येतील, तर घरातला पसारा जरा कमी करा. पसारा म्हणजे काय ते त्याने सांगितलं नव्हतं. पण आशालताच्या साड्यांना हात लावायची दोघांचीही तयारी नव्हती, तेव्हा राहिली ती मासिकं. चंद्रहासने दोन पिशव्यांत भरून ती पापडीच्या नाक्यावर आणली होती.

‘मेडिकलचं आहे ते, काका,’ रद्दीवाला म्हणाला. ‘एकाच घरातून तीन आलीत. कॉलेजची पोरं घेत नाहीत, बोलतात जुनं एडिशन आहे. तुम्हाला हवं तर घेऊन जा. मासिकांच्या बदल्यात.’

‘तिन्ही?’

‘तिन्ही घ्या. मला अडगळच आहे.’

तसं ते झालं. मासिकं तिथे राहिली आणि पिशव्यांतून पुस्तकं घरी आली. एक शरीररचनेचं, एक रोग्यांच्या शुश्रूषेचं आणि एक वैद्यकीय शब्दकोश. तिन्ही इंग्रजी, तिन्हींच्या पहिल्या पानावर निळसर काळ्या शाईत, वळणदार अक्षरात तेच नाव: सालोमी तुस्कानो, भुईगाव. कुणीतरी नर्सिंगला असताना वापरलेली. कागद पिवळा पडला होता आणि पानं उलटताना त्यातून औषधांचा वगैरे नाही, तर सुक्या बोंबलांचा वास येत होता. ती पुस्तकं बहुधा कोठीच्या खोलीत राहिली असावीत.

चंद्रहास वाचणारा माणूस नव्हता. बँकेत तीस-बत्तीस वर्षं त्याने सर्क्युलरं वाचली, घरी पेपर वाचला, आणि दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर पेपर वाचायला सकाळऐवजी सकाळ आणि दुपार लागू लागली, एवढाच फरक. पुस्तक वाचणं हे आशालताचं खातं होतं. तरीही त्या दुपारी जेवण झाल्यावर, सोसायटीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप एका सुरात घुमत असताना, तो जेवणाच्या टेबलाशी बसला आणि त्याने शरीररचनेचं पुस्तक पुढ्यात घेतलं. चित्राचं पान त्याला ठाऊक होतं. ते उघडावं आणि वाचावं, इतकं ते सोपं होतं. त्याने ते उघडलं, आठ-दहा ओळी वाचल्या, आणि त्याच्या लक्षात आलं की आपली मान हलते आहे. समजत काहीच नव्हतं, मान मात्र हलत होती. त्याने पुस्तक मिटलं. थोडा वेळ तो पंपाचा आवाज ऐकत राहिला. मग त्याने पहिलं पान उघडलं. पहिलं प्रकरण हाडांचं होतं. त्याने ठरवलं, हाडांपासून सुरुवात करायची. मध्ये काही वगळायचं नाही, पुढचं पान आधी बघायचं नाही, न समजलेला शब्द कोशात पाहिल्याशिवाय ओलांडायचा नाही. किडनी जेव्हा येईल तेव्हा येईल. तोवर तिच्यापर्यंत येणारं सगळं आपल्याला माहीत झालेलं असेल.

पावसाळाभर तो हाडांत आणि स्नायूंत राहिला. त्याला ते आवडू लागलं, असं म्हणता येणार नाही. पण दुपारची वेळ झाली की टेबल त्याला बोलवायचं. बाहेर पडला की अंबाडी रोडवरची माणसं त्याला आतून दिसायची. होळीच्या बाजारातून भाजी घेऊन येणारी बाई पाटी उतरवताना वाकली, की तिच्या मानेच्या तळाशी सातवा मणका वर यायचा. कुणी रिक्षाला हात केला, की खांद्याचा चेंडू खोबणीत फिरायचा. यात दुःखही नव्हतं आणि कुतूहलही फारसं नव्हतं. कपडे, चेहरे, आवाज यांच्या आत एक दुसरं गाव चालताबोलतं होतं आणि त्या गावात कुणाला नाव नव्हतं, एवढंच त्याला जाणवायचं आणि बरं वाटायचं. गणपतीत रक्ताभिसरण आलं. हृदयाच्या झडपा त्याने कागदावर काढून पाहिल्या. एकदा शेजारच्या फ्लॅटमधले प्लासिड लोपीस वाटीभर साखर मागायला आले तेव्हा त्यांनी ते चित्र पाहिलं आणि विचारलं, ‘काय पाटणकर, नळाचं काम काढलंय?’ चंद्रहास ‘हो’ म्हणाला. वसईत तेव्हा नळाचं काम सगळ्यांकडेच निघालेलं असायचं.

मग, नवरात्र उलटून गेल्यावर, मूत्रपिंड आलं. आता ते पान समजत होतं. रक्त आत कसं येतं, कसं गाळलं जातं, काय ठेवलं जातं आणि काय सोडलं जातं, हे एखाद्या नीट चालणाऱ्या शाखेच्या कामकाजासारखं त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्याने दुसरं पुस्तक उघडलं, रोग्यांच्या शुश्रूषेचं, आणि तिथेही सुरुवातीपासून सुरुवात करावी असं त्याला एकवार वाटलं. पण हाच नियम पाळत गेलं तर आणखी वर्ष जाईल. त्याने सूचीत शब्द शोधला आणि ते प्रकरण काढलं. तो नियम मोडला, आणि मोडताना त्याला काहीच वाटलं नाही.

‘रोग्याच्या तोंडाला धातूसारखी चव येते,’ असं तिथे होतं. चंद्रहास थांबला. स्वयंपाकघराच्या दारात आशालता उभी होती, ओल्या हातांनी, आणि म्हणत होती, ‘अहो, पाण्याला चव कसली येतेय बघा. तांब्याचं भांडं चाटल्यासारखी.’ त्याने पाणी पिऊन पाहिलं होतं. पाण्याला पाण्याची चव होती. तसं तो बोलला, तेव्हा ती म्हणाली, ‘तुम्हाला कधी कशाला चव लागलीय?’ त्यावर दोघं हसली होती की नव्हती? त्या वेळी धरणाचं पाणी नुकतंच सोसायटीला मिळू लागलं होतं आणि सगळा दोष धरणाला देऊन झाला होता. पुढच्या ओळीत मांसमच्छीची शिसारी होती. तिने सुरमई खाणं सोडलं तेव्हा तो समजला होता की ही काहीतरी उपासतापास करते आहे, आणि मनातून थोडा चिडला होता, कारण मग घरात मासळीच यायची बंद झाली. पुढच्या ओळीत त्वचेची खाज होती. ती टीव्हीसमोर बसून हातांवर पावडर लावायची, पुन्हा लावायची. पुढे थकवा. पुढे स्वभावातला चिडचिडेपणा. आणि मग, परिच्छेदाच्या शेवटी, दोन ओळी पायांच्या होत्या. पायांची आग होते, विशेषतः पडल्यावर. रोग्याला पाय एका जागी ठेववत नाहीत, तो उठून फिरतो, गार फरशीवर पाय टेकवून बसतो.

चंद्रहास खुर्चीवरून उठला आणि हॉलमध्ये जाऊन दिवाणासमोर उभा राहिला. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मंजूर झाला त्या संध्याकाळी तो पेढे घेऊन घरी आला होता. आशालताने पेढ्यांचा बॉक्स हातात घेतला, उघडला नाही, आणि विचारलं, ‘म्हणजे हे ठरलं?’ तो म्हणाला, ‘सगळेच घेतायत. पुन्हा संधी येणार नाही.’ ती म्हणाली, ‘मला विचारणार होतात?’ एवढंच. त्यानंतर काही दिवसांनी तिने आपली उशी उचलली आणि ती हॉलमधल्या दिवाणावर झोपू लागली. त्याने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, ‘इथे वारा लागतो.’ बेडरूमच्या खिडकीतूनही वारा येत होता. दीड वर्षं ती तिथे झोपली. तिथूनच तिला शेवटी हॉस्पिटलात नेलं. त्या दीड वर्षात त्यांच्यात भांडण असं झालं नाही. जेवण झालं, लग्नकार्यं झाली, कौस्तुभचं लग्न झालं. पण उशी परत आली नाही, आणि तो त्या रिकाम्या जागेशेजारी झोपताना समजून होता की ही शिक्षा आहे, आणि ती कधी संपेल हे तिलाच ठाऊक.

आणि आता पुस्तक म्हणत होतं, की पायांची आग. गार फरशी. हॉलमध्ये फरशी होती. बेडरूममध्ये त्यांनी हौसेने लिनोलियम घातलं होतं. तो दिवाणावर बसला, चपला काढल्या आणि पाय फरशीवर टेकवले. गार होती. त्याच्या अंगातून काहीतरी सुटत गेल्यासारखं झालं. ती रागावलेली नव्हती. तिचे पाय जळत होते.

त्या आठवड्यात तो खूप हलका होता. त्याने पुन्हा मासळी आणायला सुरुवात केली. दुपारी प्रकरण पुन्हा पुन्हा वाचू लागला, आणि प्रत्येक वेळी आशालताच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांतला एकेक प्रसंग उचलून तो एखाद्या ओळीसमोर ठेवायचा, आणि तो तिथे चपखल बसायचा. पुण्याला कौस्तुभने फ्लॅट बुक केल्यावर ती फोनवर त्याला जे बोलली, ते बसलं. लग्नाच्या हॉलवर अनुष्काच्या आईला दिलेलं उत्तर बसलं. दुपारभर पडून राहणं, गजरा न माळणं, त्याने आणलेली साडी न नेसता कपाटात ठेवून देणं. सगळं बसत होतं. एका दुपारी त्याला आठवलं, की एकदा त्याला ताप आलेला असताना ती मध्येच येऊन त्याच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ बसली होती, काही न बोलता. आणि त्याचं मन आपसूक ओळ शोधू लागलं. सापडली. रोग्याचे हात गार पडतात; म्हणजे तेही उबेसाठी. तो दचकला. त्याने पुस्तक हातभर लांब सरकवलं. असं चाललं तर तिचं काही राहणार नव्हतं. राग गेला होता आणि रागामागोमाग बाकी सगळंही चाललं होतं. टेबलाच्या पलीकडे, जिथे ती बसायची, तिथे आता एक रोगी बसला होता, आणि इंग्रजीत त्याला लिंगही नव्हतं.

त्याने पुढचं पान उलटलं ते खरं तर या विचारापासून दूर जाण्यासाठी. पुढे त्या रोगाची कारणं होती, एकाखाली एक. चौथ्या कारणाशी एक छोटं चित्र होतं: मूत्रपिंड, पण द्राक्षांच्या घडासारखं, फोडाफोडांनी भरलेलं. दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी. हे शब्द डॉक्टरांनी म्हटले होते. शाई अडली त्याच्या आधी की नंतर? आधी. आणि लगेच त्यांनी आशालताला विचारलं होतं, ‘माहेरी कुणाला होतं असं? आईला, भावंडांना?’ आणि ती देवीच्या फोटोवरची नजर न काढता म्हणाली होती, ‘नाही. कुणाला नाही.’ चित्राखाली लिहिलं होतं, हा रोग घराण्यात चालतो. आई किंवा बाप यांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला तो असण्याची शक्यता निम्मी. पुष्कळदा पहिलं लक्षण म्हणजे तरुण वयात वाढलेला रक्तदाब.

उन्हाळ्यात कौस्तुभ फोनवर म्हणाला होता, की कंपनीच्या चेकअपमध्ये बीपी जरा जास्त निघालं, पण तिथल्या डॉक्टरने सांगितलं की प्रोजेक्टचं टेन्शन आहे, मीठ कमी खा. चंद्रहासने मीठ कमी खा असंच सांगितलं होतं.

त्याने पुस्तकाचं पहिलं पान उघडून छापल्याचं साल पाहिलं. जुनं होतं. कॉलेजची पोरं उगाच नाही घेत. तेव्हापासून कितीतरी बदललं असेल. चंद्रावर जाऊन आलेली माणसं म्हातारी झाली. त्याखाली नाव होतं: सालोमी तुस्कानो, भुईगाव. त्याने शर्ट बदलला, पुस्तक पिशवीत घातलं आणि स्टॅंडवरून भुईगावची एस.टी. पकडली.

भुईगावात तुस्कानो बरेच होते, पण नर्स सालोमी विचारल्यावर चर्चजवळच्या एका माणसाने वाडीतली वाट दाखवली. केळी, विहीर, सुपाऱ्यांच्या सावल्या. जुन्या घराला लागून नवा दुमजली बंगला उभा राहत होता आणि अंगणात रेतीचा ढीग होता. सालोमी सत्तरीच्या आतबाहेरची, उंच, गाउनवर टॉवेल टाकलेली बाई निघाली. तिने पुस्तक हातात घेतलं आणि आत तोंड करून हाक मारली, ‘क्लारा! माझी पुस्तकं कुणी विकली?’ आतून सुनेचा आवाज आला, ‘कोठीतली ना? घर पाडलं तेव्हा तुम्हीच बोलल्या, सगळं काढा.’

‘बोलले असेन,’ सालोमी म्हणाली आणि त्याला खुर्ची दिली. ‘परत द्यायला आलात?’

‘नाही. मी पाटणकर. विचारायला आलोय.’ त्याने पान काढून दाखवलं. ‘हे आता जुनं झालं असेल ना? घराण्यात चालतो वगैरे?’

तिने चष्मा लावला, वाचलं, आणि त्याच्याकडे पाहिलं. ‘कुणाला आहे?’

‘बायकोला होतं. मागच्या वर्षी गेली.’

‘देव तिला शांती देवो. तिच्या आईला?’

‘आई पोट फुगून गेली, असं बोलायचे. गावी. तेव्हा कोण बघतं? पण डॉक्टरांनी विचारलं, तर बायको म्हणाली की कुणाला नाही.’

‘तिला ठाऊक होतं?’

‘ते मला माहीत नाही.’

सालोमीने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. ‘मी वीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, पाटणकर. किडनीचं मी परीक्षेपुरतं वाचलं. यातलं अर्धंअधिक आता बदललं असेल, औषधं तर सगळीच. पण हे बदललेलं नाही. रक्तातलं आहे ते. मुलं किती?’

‘एक मुलगा.’

‘मग इथे कशाला आलात? त्याच्याकडे जा. साधी सोनोग्राफी करतात, पोटावरून. लवकर कळलं तर बीपी सांभाळतात, वर्षानुवर्षं नीट जातात माणसांची.’

‘त्याची बायको पोटुशी आहे.’

‘म्हणून लपवणार?’ ती थोडी तडकून म्हणाली, मग सावकाश बोलली. ‘मूल येऊ दे. बाळाचं पुढे बघता येईल. आधी त्याचं बघा.’

त्याला आणखी एक विचारायचं होतं. ते इथे विचारण्यासारखं नव्हतं, पण विचारायला दुसरी जागाही नव्हती. तो म्हणाला, ‘ती शेवटी बाहेरच्या खोलीत झोपायची. दीड वर्षं. पायांची आग होते, असं यात दिलंय. तशी होते का एवढी?’

‘होते कुणाकुणाला.’

‘मग ती त्यामुळेच झोपत असणार.’

 अंगणात गवंड्याने फावडं रेतीत खुपसलं. ‘रागावलेली होती का तुमच्यावर?’ तिने विचारलं.

‘होती बहुतेक.’

‘तर दोन्ही असेल,’ ती म्हणाली. ‘पेशंट म्हणजे काय निव्वळ आजारच असतो? बाळंतिणी कळा देताना नवऱ्याला शिव्या घालायच्या. आम्ही म्हणायचो, कळांमुळे. सगळ्या काही कळांमुळे नसायच्या.’ आणि ती हसली, दात पूर्ण नव्हते तरी मोकळी हसली. निघताना तिने पुस्तक त्याच्या हातात परत ठेवलं. ‘ठेवा. सुनेने विकलं ते विकलं.’

कौस्तुभला फोनवर सांगणं शक्य नव्हतं. चंद्रहास पुण्याला गेला आणि दोन दिवस त्या नव्या फ्लॅटमध्ये, पडद्यांच्या आणि पाळण्याच्या बोलण्यात, तोंड न उघडता राहिला. वसईत हे सगळं पुस्तकातल्या वाक्यांसारखं होतं. इथे अनुष्का उठताना पलंगाची कड धरत होती आणि कौस्तुभ तिच्या पाठीमागे उशी सारत होता. तिसऱ्या दिवशी दोघं बापलेक खाली दूध आणायला उतरले, तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटरजवळ उभं राहून त्याने सांगितलं. सांगताना त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत होता. काउंटरवरून एखाद्या खातेदाराला नियम सांगावा तसा, सपाट, क्रमवार.

कौस्तुभ ऐकून घेत होता. मग म्हणाला, ‘हे तुम्हाला कुणी सांगितलं?’

‘वाचलं. आणि एका नर्सला विचारलं.’

‘कुठे वाचलं?’

‘पुस्तक मिळालं एक. रद्दीत.’

‘रद्दीत,’ कौस्तुभ म्हणाला. ‘बाबा, तुम्ही रद्दीतलं पुस्तक वाचून मला येऊन सांगताय की मला आईचा आजार आहे? आता? अनुष्काची तारीख तोंडावर आलीय आणि तुम्ही—’ त्याने स्कूटरच्या सीटवर थाप मारली. ‘दिवसभर तुम्हाला काही काम नाही, हा प्रॉब्लेम आहे. आई म्हणायची तेच खरं. घरी बसून काय करणार आहात, ती म्हणायची.’

‘कधी म्हणायची?’

‘मला म्हणायची. फोनवर.’

त्यांनी दूध घेतलं. परत येताना जिन्यात चंद्रहास म्हणाला, ‘तपासून घे. माझ्यावर रागव, पण तपासून घे.’ कौस्तुभ त्याच्या पुढे दोन पायऱ्या होता. त्याच्या पोटरीचा स्नायू आखडत होता आणि सैल पडत होता; त्या स्नायूचं नाव चंद्रहासला ठाऊक होतं, आणि पहिल्यांदाच त्याला ते नाव आठवायचं नव्हतं.

मुलगी झाली. बारशाला चंद्रहास जाऊन आला. तपासणीबद्दल किंवा बाळाला वसईला आणण्याबद्दल कुणी काही बोललं नाही आणि त्यानेही विचारलं नाही. वसईला परतल्यावर दुपारी तो टेबलाशी बसायचा, पण पुस्तक उघडायचा नाही. थंडी संपत आली, सोसायटीत कुणीकुणी पापड घातले. आणि एका रविवारी सकाळी, आधी न कळवता, कौस्तुभ एकटाच दारात उभा राहिला. खांद्याला छोटी बॅग होती. तो आत आला, बूट काढले, पाणी प्यायला.

‘केली,’ तो म्हणाला. ‘सोनोग्राफी.’

चंद्रहासने रिकामा ग्लास त्याच्या हातातून घेतला.

‘आहेत. दोन्हीकडे. लहान आहेत. डॉक्टर म्हणाला काम नीट चाललंय, बीपीची गोळी सुरू केलीय, दर वर्षी तपासायचं. तो म्हणाला, या वयात कळलं हे फार बरं झालं. विचारलं त्याने, कुणी पाठवलं.’

‘अनुष्काला?’

‘सांगितलं. रडली. मग तिनेच मला इकडे पाठवलं.’

दोघं गॅलरीत जाऊन बसले. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. चंद्रहासने चहा केला आणि त्यात साखर घालायला विसरला. कौस्तुभ तसाच प्यायला. आता तो जाडसर वाटत होता, बाप झाल्यावर माणसं होतात तसा, आणि कपाळाच्या बाजूला केस मागे हटले होते. आशालताच्या वडिलांचेही त्याच ठिकाणी विरळ होते.

‘आईला माहीत होतं का?’ त्याने विचारलं. ‘आजीचं?’

‘डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती नाही म्हणाली. त्यापलीकडे मला माहीत नाही.’

‘घाबरली असेल.’

‘असेल.’

 मग कौस्तुभ कप हातात फिरवत, खाली बघत म्हणाला, ‘आणि शेवटी ती जे वागायची. फ्लॅट घेतला तेव्हा मला म्हणाली, तू माझ्यासाठी मेलास. नंतर बोलली माझ्याशी, पण ते वाक्य काही तिने परत घेतलं नाही. लग्नात हिच्या आईला सगळ्यांसमोर— बाबा, तुम्ही वाचलंय ना ते सगळं. ते आजाराने होतं ना? रक्तात विष साठतं, डोक्यावर परिणाम होतो, असं काहीतरी?’

ते वाक्य चंद्रहासला पाठ होतं. पान, परिच्छेद, ओळ. हो म्हटलं असतं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. मुलगा मोकळा झाला असता, आणि संध्याकाळच्या गाडीने हलका होऊन परत गेला असता, जसा तो स्वतः त्या आठवड्यात हलका होऊन फिरला होता. आणि मग हळूहळू, एकेक करून, मुलाकडूनही ती गेली असती. तिचं रागावणं, तिचे लाड, परीक्षेच्या दिवसांत तिने त्याच्यासाठी सकाळी उठून केलेला शिरा. त्या शिऱ्यालाही कुठेतरी ओळ सापडली असती.

‘तसं दिलंय पुस्तकात,’ तो म्हणाला. ‘थोडं त्यामुळेही असेल. पण ती रागावली होती, कौस्तुभ. तू न विचारता पुण्याला घर घेतलंस म्हणून. मी न विचारता नोकरी सोडली म्हणून. आजार नसता तरी ती रागावली असती. ते तिचं होतं.’

कौस्तुभने मान वर केली. त्याचे डोळे लाल होते, पण चेहऱ्यावर आश्चर्य होतं.

‘मग बरं आहे,’ तो म्हणाला. ‘म्हणजे मलाही तिच्यावर रागावता येईल. आजारी माणसावर काय रागवायचं? वर्षभर नुसतं घशात अडकलंय.’ आणि तो मोठ्याने, खालच्या पोरांनी वर पाहावं इतक्या मोठ्याने म्हणाला, ‘असं बोलतात का पोटच्या मुलाला?’

चंद्रहास गॅलरीचा कठडा धरून बसला होता. ती गेल्यापासून त्याने तिच्याबद्दल सगळं केलं होतं. दिवस घातले, वर्षश्राद्ध केलं, तिच्या आत रक्त कुठून कसं फिरत होतं तेदेखील शिकून घेतलं. रागावला तेवढा नव्हता. आता डॉक्टरांच्या टेबलासमोरची ती त्याला दिसली, नजर फोटोवर, ओठ घट्ट, ‘कुणाला नाही’ म्हणणारी, आणि मग घरी येऊन तोंडातून एक अक्षर न काढता दिवाणावर पाठ करून निजणारी. अगं, पोराचं तरी सांगायचं होतंस, त्याच्या मनात आलं. पाय जळत होते तर तसं म्हणायला काय झालं होतं? राग वर चढत आला, कानापर्यंत आला, ऊन लागावं तसा. फार दिवसांनी तो तिच्याशी बोलत होता.

‘नव्हती बोलायची रीत तिला,’ तो तावातावाने म्हणाला, ‘कधीच नव्हती.’ आणि कौस्तुभने खुर्ची त्याच्याजवळ ओढून घेतली.